कदर, उपकार आणि उपदान : कोल्हापुरातील एका मानपत्राचे प्रकरण

मे २०२३ च्या अखेरीस कोल्हापुरातील एका विद्यार्थी बोर्डिंगच्या स्वयंपाकघरातून एक बाई निवृत्त झाल्या. मुले, सुपरिंटेंडेंट आणि कार्यालयातील लिपिक असे सगळेच त्यांना ‘आक्का’ म्हणत. बोर्डिंगच्या माजी विद्यार्थ्यांनी २६ जूनला, म्हणजे शाहू जयंतीच्या दिवशी, त्यांचा सत्कार ठरवला आणि मानपत्राचा मसुदा भाषेच्या दृष्टीने एकदा पाहून द्यावा म्हणून माझ्याकडे पाठवला. मी मराठी शिकवतो. असे मसुदे अधूनमधून येतात आणि बहुतेकांत ऱ्हस्व-दीर्घ नीट करण्यापलीकडे काही करावे लागत नाही. या मसुद्यात मात्र शुद्धलेखन निर्दोष होते आणि शब्द चुकीच्या जागी बसलेले होते. त्या शब्दांच्या मागे एका कष्टकरी बाईच्या हक्काच्या पैशांचा प्रश्न दडलेला होता, तो केवळ त्या शब्दांमुळे उघड झाला. संबंधितांच्या संमतीने, कोणाचेही आणि संस्थेचेही नाव न देता, ते प्रकरण येथे मांडतो आहे.

बोर्डिंग आणि आक्कांचे काम

कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हटले जाते. राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत जैन, लिंगायत, मुस्लिम बोर्डिंग, अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग अशी रांगच उभी राहिली. प्रस्तुत बोर्डिंग त्या पहिल्या पिढीतील नाही. परंतु खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचे अन्न मिळाले तरच तो शिकेल, हा विचार तेथलाच. चंदगड, भुदरगड, शाहूवाडी, गगनबावडा या तालुक्यांतून आलेली मुले येथे राहून शिकतात.

आक्का १९९६ मध्ये कामाला लागल्या. सकाळी सहा ते दुपारी एक आणि संध्याकाळी पाच ते रात्री नऊ ही त्यांची नेमलेली वेळ. शाळूच्या भाकरी, आमटी, भात, एक भाजी. रविवारी वेगळे काही. कार्यालयाच्या रजिस्टरमध्ये त्यांचे नाव १९९८ पासून आहे, आधीची दोन वर्षे त्या रोजंदारीवर होत्या. रजिस्टरच्या ज्या रकान्यात इतर कर्मचाऱ्यांसमोर ‘वेतन’ लिहिले आहे, तेथे आक्कांच्या आणि भांडी घासणाऱ्या मावशींच्या नावासमोर ‘मानधन’ असे लिहिले आहे. हा फरक इतक्या वर्षांत कोणाच्या डोळ्यांत आला नव्हता, कारण ‘मानधन’ हा शब्द ऐकायला अधिक सभ्य वाटतो.

मसुदा

मसुदा बँकेतून निवृत्त झालेल्या एका माजी विद्यार्थ्याने मनापासून लिहिला होता. त्यातला वादाचा परिच्छेद असा :

‘आक्का, आपल्या निःस्वार्थ सेवेची संस्थेला कदर आहे. आपण आम्हां विद्यार्थ्यांवर केलेले उपकार अनमोल असून त्यांची किंमत करता येणार नाही. आपल्या ऋणात राहणेच आम्ही पसंत करतो. आपले मनःपूर्वक आभार मानून, फूल ना फुलाची पाकळी म्हणून हा कृतज्ञता निधी आपल्या चरणी अर्पण करीत आहोत.’

अशी वाक्ये आपण शेकडो समारंभांत ऐकलेली असतात. कदर, उपकार, किंमत, मोल, ऋण, आभार आणि कृतज्ञता असे सात शब्द चार वाक्यांत आले आहेत, आणि लिहिणाऱ्याच्या मनात ते सातही एकाच भावनेची नावे होती. एकाने भागेना म्हणून दुसरा घेतला, एवढेच. परंतु हे शब्द एकमेकांच्या जागी बसणारे नाहीत. त्यांतला प्रत्येक शब्द देणाऱ्याला एका ठिकाणी उभा करतो आणि घेणाऱ्याला दुसऱ्या ठिकाणी, आणि दोघांमधला हिशेब पुरा झाला आहे की नाही हेही सांगून जातो.

मी माजी विद्यार्थ्यांच्या सत्कार समितीला सुचवले की मजकूर छापण्याआधी आक्कांना वाचून दाखवावा. मानपत्र हे ज्याला द्यायचे त्याने समारंभातच प्रथम ऐकावे अशी रीत आहे, म्हणून समितीतील दोघे नाराज होते. तरी दोन सदस्य आक्कांच्या घरी गेले आणि आक्कांच्या नातीने मसुदा मोठ्याने वाचला. आक्कांनी शांतपणे ऐकून घेतले व दोनच गोष्टी सांगितल्या. पहिली अशी : ‘‘उपकार कसलं बाळ? पगार घेत हुते की मी. खरं, ते निःस्वार्थ लिवलंयसा, ते तेवढं खोडा. पोरं शिकवायची हुती म्हणून कामाला लागल्ये. स्वार्थ हुता की.’’ दुसरा प्रश्न निधीविषयी होता : ‘‘ह्यो निधी म्हंजे माझं हक्काचं हाय, का तुम्ही वर्गणी काढून देतायसा?’’

या दोन वाक्यांनी पुढची सगळी चर्चा घडवली. भाषेचा अभ्यास केलेल्या कोणाही माणसाने त्या मसुद्याची यापेक्षा अचूक तपासणी केली नसती, असे माझे मत आहे.

उपकार कोठे संपतो आणि कोठे सुरू होतो

उपकार म्हणजे न मागता, न ठरवता, बदल्याची अपेक्षा न ठेवता केलेले काम. जे ठरवून दिले-घेतले जाते त्याला आपण मोबदला म्हणतो, आणि मोबदला पोचला की दोन्ही बाजू मोकळ्या. आक्कांचा आक्षेप नेमका येथे होता. रोजच्या दोन वेळच्या स्वयंपाकाला उपकार म्हटले की त्या कामाचा करार पुसला जातो. ज्या कामासाठी पहाटे उठून त्या पायी येत, ज्या पैशातून त्यांची दोन मुले शिकली, ते काम कोणी दयेपोटी केलेले नव्हते आणि कोणी दयेपोटी दिलेलेही नव्हते. ‘निःस्वार्थ’ या विशेषणाने तर त्यांच्या कमावतेपणावरच पाणी सोडले होते. घर चालवण्यासाठी काम करणाऱ्या बाईला निःस्वार्थ म्हणणे हा तिचा गौरव नव्हे. पुरुष कर्मचारी निवृत्त होतो तेव्हा त्याच्या मानपत्रात ‘कर्तव्यदक्ष’ असते, ‘निःस्वार्थ’ क्वचितच असते, याकडेही लक्ष द्यावे.

तरीही माजी विद्यार्थी उपकार हा शब्द सोडायला तयार नव्हते आणि त्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. शनिवार-रविवारी गावी गेलेली मुले रविवारी रात्री शेवटच्या एसटीने परत येत. गगनबावड्याची किंवा चंदगडची गाडी पावसाळ्यात वेळेवर येईलच असे नसे. मूल बोर्डिंगवर पोचेपर्यंत दहा-साडेदहा वाजत. अशा रात्री स्वयंपाकघरात चुलीच्या विझत्या आराजवळ एक परात पालथी घातलेली असे आणि तिच्याखाली फडक्यात गुंडाळलेल्या भाकरी, वाटीत झाकलेली आमटी आणि खर्ड्याचा एक गोळा असे. कोण येणार आहे हे आक्का संध्याकाळी विचारून ठेवत. समितीतले एक शेतकरी सदस्य म्हणाले की भाकरी बाहेरून गार झालेली असायची, पण मधली घडी उलगडली की बोटांना ऊब लागायची. नेमलेली वेळ नऊला संपत होती. त्या भाकरीचा पगार कोणी दिलेला नव्हता.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, शहराची पाणी उपसा केंद्रे बुडाली आणि बरीच मुले गावी जाऊ शकली नाहीत. ते दिवस आक्का बोर्डिंगवरच राहिल्या. डाळ-तांदूळ संपत आले तेव्हा आमटी पातळ होत गेली, पण पंगत एकही चुकली नाही. त्या महिन्याचे रजिस्टर पाहिले तर आक्कांच्या नावासमोर नेहमीचीच रक्कम आहे.

म्हणजे एकाच माणसाच्या कामात दोन भाग होते. एक ठरलेला, ज्याचे देणे असते. दुसरा न ठरलेला, ज्याची जाण असते. मसुद्याने दोन्हींना मिळून उपकार म्हटले होते. आक्कांनी दोन्हींना मिळून पगार म्हटले, कारण आपल्या अंगच्या चांगुलपणाला स्वतःच उपकार म्हणणे मराठी माणसाच्या तोंडून निघत नाही. ‘मी तुझ्यावर उपकार केले’ हे वाक्य आपल्याकडे फक्त भांडणात ऐकू येते. उपकार हा शब्द घेणाऱ्यानेच उच्चारायचा असतो. म्हणून विद्यार्थ्यांनी तो म्हणणे योग्य होते, परंतु झाकून ठेवलेल्या भाकरीपुरताच. सगळ्या सत्तावीस वर्षांवर तो पांघरणे योग्य नव्हते.

येथे एका सदस्याने ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ हा वाक्प्रचार घालावा असे सुचवले. तो मला सुरुवातीला फार नेमका वाटला, परंतु वकिली करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने त्यातील अडचण दाखवली. मीठ खातो तो चाकर आणि मीठ घालतो तो धनी, अशी त्या वाक्प्रचाराची रचना आहे. निष्ठा खालून वर जाते. येथे धान्य संस्थेचे होते, रांधणाऱ्या आक्का होत्या आणि खाणारी मुले होती. जागायचे कोणाला, संस्थेला की आक्कांना, हे वाक्यातून कळत नव्हते, म्हणून ते वगळले.

मोल, किंमत आणि ज्याची किंमत करता येत नाही ते

मराठीत ‘मोल’ हा शब्द विलक्षण आहे. मूल्य या संस्कृत शब्दापासून तो आला आणि दोन घरांत राहायला गेला. एका घरात तो मोलाचा सल्ला, अनमोल ठेवा, मोलाची साथ असा मिरवतो. दुसऱ्या घरात तो मोलमजुरी करतो. दुसऱ्याच्या घरी काम करणाऱ्या बाईला आपण मोलकरीण म्हणतो ती याच शब्दावरून. म्हणजे मोल हीच मजुरी होती. मोलकरणीच्या मानपत्रात ‘अनमोल’ लिहिताना या दोन घरांमधली भिंत कोणाच्या लक्षात येत नाही. ‘अनमोल’, ‘अमूल्य’, ‘किंमत करता येणार नाही’ हे शब्द मैत्रीला, आईच्या मायेला, स्वातंत्र्याला शोभतात, कारण त्यांची विक्री होतच नाही. ज्या कामाची दरमहा किंमत ठरत होती, त्या कामाविषयी ‘किंमत करता येणार नाही’ असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात एक धोकादायक समजूत रुजते : किंमत करता येत नाही, तेव्हा ती न केली तरी चालेल.

‘किंमत’ या शब्दाचे आणखी एक वैशिष्ट्य या चर्चेत पुढे आले. बाजारात तो सरळ वापरला जातो, पण माणसांविषयी तो बहुधा नकारात किंवा उशिरा येतो. ‘त्याला माणसांची किंमत नाही’ असे आपण म्हणतो, किंवा ‘गेल्यावर किंमत कळली’ असे म्हणतो. समोर असलेल्या माणसाला ‘तुमची किंमत आहे’ असे सांगता येत नाही. ते वाक्य जिभेवरच अडखळते. त्या जागी कदर येते. कदर हा अरबीतून आलेला शब्द, मूळ अर्थ माप, योग्यता. मात्र मराठीत कदर ही बहुतेक वेळा वरच्याने करायची गोष्ट आहे. राजाने कलावंताची, मालकाने कामगाराची, समाजाने गुणवंताची कदर करायची असते. शिष्याने गुरूची कदर केली असे वाक्य व्याकरणात बसते, पण कानाला खटकते. म्हणून मसुद्यात कदर संस्थेच्या तोंडी घातली होती ते जागेवरच होते. दोष क्रियापदात होता.

‘कदर आहे’ आणि ‘कदर केली’ यांत मोठे अंतर आहे. ‘आहे’ म्हटले की ती मनातली गोष्ट झाली, तिला पुरावा लागत नाही. ‘केली’ म्हटले की पुढचा प्रश्न येतो : काय केले? वकिलांनी हा प्रश्न संस्थेच्या सचिवांना विचारला आणि चर्चा मानपत्रावरून रजिस्टरवर गेली.

मानधन, वेतन आणि उपदान

निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्याला इंग्रजी कायद्याच्या भाषेत जी रक्कम ग्रॅच्युइटी म्हणून मिळते, तिला मराठी शासनव्यवहारात उपदान म्हणतात. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी कृतज्ञतेचा भाव आहे आणि एके काळी ती खरोखरच धन्याच्या मर्जीची बक्षिशी होती. १९७२ च्या कायद्याने ती हक्क केली. आक्का निवृत्त झाल्या तेव्हा लागू असलेल्या त्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाच वर्षे सलग सेवा झालेल्या व्यक्तीला, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम द्यावी लागे. महिन्याचे दिवस सव्वीस धरून दिवसाचे वेतन काढत, आणि रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत ती द्यायची असे. आक्कांचा खरा आकडा येथे देत नाही. समजण्यापुरते महिना १३,००० रुपये धरले तर दिवसाचे ५०० रुपये, पंधरा दिवसांचे ७,५०० रुपये आणि २७ वर्षांचे २,०२,५०० रुपये होतात. माजी विद्यार्थ्यांनी जमवलेला ‘कृतज्ञता निधी’ याच्या जवळपासही नव्हता.

सचिवांचा पहिला प्रतिसाद असा होता की आक्कांना वेतन नव्हते, मानधन होते, आणि मानधनावर उपदान लागू होत नाही. त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता; अनेक संस्थांत हीच समजूत आहे. मानधन हा शब्द वक्त्याला, परीक्षकाला, लेखकाला दिल्या जाणाऱ्या रकमेसाठी योग्य आहे, कारण तेथे देणारा कामाची पूर्ण किंमत देत नसतो, सन्मानादाखल काही देत असतो. तोच शब्द रोज अकरा तास राबणाऱ्या बाईच्या नावासमोर लिहिला की तो मान तिच्या पदरात पडत नाही आणि धन मात्र कमी होते. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांच्याबाबत हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. गुजरातमधील त्या प्रकरणात २५ एप्रिल २०२२ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की त्यांना मिळणारे मानधन हे कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे आणि त्यांना १९७२ च्या कायद्याखाली उपदान मिळाले पाहिजे. वकिलांनी या निर्णयाची प्रत सचिवांपुढे ठेवली.

सचिवांचा दुसरा मुद्दा सलग सेवेचा होता. मे महिन्यात बोर्डिंग बंद असते, तेव्हा आक्कांना पैसे मिळत नसत, मग सेवा सलग कशी? याचे उत्तर त्या कायद्यातच होते : बारा महिन्यांत २४० दिवस काम झाले असेल तर ते वर्ष सलग सेवेचे धरले जाई. आक्कांचे कामाचे दिवस दरवर्षी त्याहून बरेच अधिक होते.

संस्थेच्या कार्यकारी समितीने उपदान मंजूर केले. ते भांडणाशिवाय झाले याचे मला समाधान वाटते. प्रकरण अधिकाऱ्यांकडे गेले असते तर तेथे ‘दाद मागावी’ लागली असती, आणि दाद या फारसी शब्दाचा मूळ अर्थ न्याय असाच आहे. गवयाला आपण दाद देतो ती याच अर्थाने : त्याच्या कलेला न्याय देतो. आक्कांच्या स्वयंपाकाचे कौतुक तर सत्तावीस वर्षे होतच होते. कौतुक मात्र बहुधा लहानांचे किंवा बरोबरीच्यांचे करतात, त्यात देणाऱ्याचे काही जात नाही, आणि म्हणून ते सर्वांत सहज मिळते.

ऋण आणि आभार

मसुद्यातल्या तिसऱ्या वाक्यावर मी स्वतः काट मारली. ‘आपल्या ऋणात राहणेच आम्ही पसंत करतो’ हे वाक्य आता आभारप्रदर्शनाचे ठरावीक शेपूट झाले आहे. त्याचा अर्थ उदात्त आहे : काही ऋणे फिटत नाहीत, त्यांतून उतराई होता येत नाही, आणि ते मान्य करण्यात नम्रता आहे. पण ज्या संस्थेकडे त्या व्यक्तीचे खरे, रुपयांतले देणे बाकी आहे, तिच्या व्यासपीठावरून हे वाक्य बोलता येत नाही. फेडता येण्यासारखे ऋण आधी फेडावे. मगच न फिटणाऱ्या ऋणाविषयी बोलण्याचा अधिकार येतो. आक्कांसमोर हे वाक्य वाचले गेले तेव्हा त्या काही बोलल्या नव्हत्या, परंतु नातीने समितीच्या सदस्याला सरळ विचारले होते की ऋणात राहायचे म्हणजे द्यायचे नाही असे का.

आभाराविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. आभार नेहमी अनेकवचनात येतात, मानले जातात, आणि मानले की काम संपते. ‘आभार मानून मोकळे झाले’ हा प्रयोग आपल्या तोंडी सहज असतो. म्हणूनच घरच्या माणसाचे आभार मानले तर ते ‘परके केलेस का?’ असे विचारते. मंडप, माईक, वाहन देणाऱ्यांसाठी आभार योग्य. मानपत्रातून तो शब्द गेला.

कृतज्ञता आणि जाण

उरले ते ‘कृतज्ञता’. या शब्दाशी कोल्हापूरचे अगदी अलीकडचे नाते आहे. शाहू महाराजांचे निधन ६ मे १९२२ रोजी झाले. २०२२ मध्ये त्यांचे स्मृतिशताब्दी वर्ष ‘कृतज्ञता पर्व’ म्हणून पाळले गेले आणि ६ मे रोजी सकाळी दहा वाजता सारे शहर शंभर सेकंद जागच्या जागी स्तब्ध उभे राहिले. चौकात गाड्या थांबल्या, दुकानदार गल्ल्यावरून उठून उभे राहिले. त्या पर्वाला ‘आभार पर्व’ किंवा ‘ऋणनिर्देश पर्व’ म्हणता आले नसते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. जो हयात नाही त्याचे आभार मानता येत नाहीत, कारण आभार स्वीकारायला समोर कोणी लागते. कृतज्ञतेला तसे लागत नाही. कृत म्हणजे केलेले आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. जे केले गेले ते ज्याला माहीत आहे आणि जो ते विसरत नाही, तो कृतज्ञ. उलट केलेल्याचा घात करणारा तो कृतघ्न. म्हणजे हा शब्द आधी स्मरणाचा आणि ज्ञानाचा आहे, भावनेचा नंतर.

यातूनच मसुद्यातील दोष स्पष्ट होतो. कृतज्ञ व्हायचे तर काय केले गेले ते नेमके माहीत हवे. मसुद्यात सेवा, माया, उपकार हे सगळे होते, परंतु आक्कांनी केलेली एकही गोष्ट नव्हती. भाकरी नव्हती, परात नव्हती, २०१९ चा पूर नव्हता, रात्री नऊची वेळ नव्हती. विशेषणे पुष्कळ होती आणि ‘कृत’ गैरहजर होते.

कृतज्ञता हा लिहिण्याचा शब्द आहे. त्याचेच घरगुती रूप ‘जाण’, आणि दोघांचे मूळ एकच, जाणणे. जाण आणि जाणीव यांत पुन्हा भेद आहे. जाणीव एखाद्या क्षणी होते, धोक्याचीही होते. जाण ठेवावी लागते, ती स्वभावात मुरते. ‘पोरगं जाण ठेवणारं आहे’ हे कोल्हापूरकडच्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचे सर्वांत मोठे प्रमाणपत्र आहे. शिवाय जाण वरून खाली जात नाही आणि खालून वरही जात नाही. ती मालक ठेवू शकतो, चाकर ठेवू शकतो, मुलगा ठेवू शकतो. देणाऱ्याला ती लहान करत नाही, आणि घेणाऱ्याला ओशाळे वाटायला लावत नाही. मी अंतिम मजकुरासाठी हाच शब्द सुचवला. बँकेतल्या सदस्यांना तो मानपत्राच्या मानाने साधा वाटला. आक्कांना मजकूर पुन्हा वाचून दाखवल्यावर त्या सदस्यांचीही हरकत मिटली.

अंतिम मजकूर आणि उरलेला प्रश्न

छापला गेलेला परिच्छेद असा :

‘आक्का, १९९६ ते २०२३ या काळात आपण या बोर्डिंगच्या स्वयंपाकघराचे काम चोख सांभाळले. त्याचे वेतन आणि उपदान हा आपला हक्क आहे. नेमलेली वेळ संपल्यावरही उशिरा येणाऱ्या मुलासाठी आपण भाकरी झाकून ठेवलीत, आणि २०१९ च्या महापुरात येथेच राहून आम्हांला जेवू घातलेत. हे आपल्याला कोणी सांगितले नव्हते. त्याची जाण आम्ही ठेवली आहे आणि ठेवू.’

उपदानाची रक्कम समारंभाआधीच आक्कांच्या बँक खात्यात जमा झाली आणि तिच्या पत्रात ‘उपदान’ हाच शब्द वापरला गेला. व्यासपीठावर त्या रकमेचा धनादेश दाखवावा, अशी संस्थेतील काहींची इच्छा होती. हक्काचे पैसे हारतुऱ्यांबरोबर देऊ नयेत हे समितीचे म्हणणे शेवटी मान्य झाले. माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीचे पाकीट स्वतंत्र दिले गेले आणि त्यावर ‘भेट’ असे लिहिले. भेट या शब्दात देणे-घेणे नाही, मोठे-लहान नाही; तो या जागी मला सर्वांत निर्मळ वाटतो. रजिस्टरमधील ‘मानधन’ हा शब्द भांडी घासणाऱ्या मावशींच्या नावासमोरूनही काढून तेथे ‘वेतन’ लिहिले गेले आहे, आणि या प्रकरणातून निघालेल्या गोष्टींत मी ती सर्वांत मोलाची मानतो.

एक प्रश्न उरला आहे. संस्थेने उपदान रजिस्टरप्रमाणे १९९८ पासून, म्हणजे २५ वर्षांचे दिले. मानपत्र १९९६ म्हणते. रोजंदारीच्या दोन वर्षांची नोंद कार्यालयात सापडत नाही, असे सचिवांचे म्हणणे आहे; संस्थेच्याच व्यासपीठावर वाचलेल्या मजकुरात ती दोन वर्षे मान्य झाली आहेत, असे वकिलांचे. त्या काळात बोर्डिंगवर असलेल्या विद्यार्थ्यांपैकी जे सापडले त्यांची लेखी निवेदने सचिवांकडे दिली आहेत. नुसते ‘आक्का तेव्हा होत्या’ असे न लिहिता, त्या कोणत्या महिन्यापासून येत, किती वाजता येत आणि किती मुलांचा स्वयंपाक करत, हे प्रत्येकाने लिहावे असे वकिलांनी सांगितले होते आणि त्यांनी तसे लिहिले आहे. निर्णय कार्यकारी समितीच्या पुढील सभेत व्हायचा आहे.